दहा हजारांच्या आतला फोन: घराला कोणता, धंद्याला कोणता?

जालन्याच्या बाजार समितीत मोसंबीचा लिलाव सुरू असतो तेव्हा व्यापाऱ्याचा एक हात मालावर आणि दुसरा फोनवर असतो. ढिगातली चार फळे उचलायची, साल दाबून बघायची, फोटो काढायचा आणि परराज्यातल्या खरेदीदाराला धाडायचा. तिकडून होकार येईपर्यंत पुढच्या ढिगावर बोली लागलेली असते. गाडी काट्यावर गेली की वजनाच्या पावतीचा फोटो, हिशेब झाला की पट्टीचा फोटो, पैसे जमा झाले की यूपीआयचा संदेश. संध्याकाळी हाच फोन घरी जातो. मग त्यावर मुलीच्या अभ्यासाचा व्हिडिओ लागतो, आईच्या औषधांची चिठ्ठी शोधली जाते आणि पुण्याला नोकरीला गेलेल्या भावाशी बोलणे होते.

नव्या मोंढ्यातले आडत दुकान असो, औद्योगिक वसाहतीतल्या सळईच्या कारखान्याजवळची चहाची टपरी असो, २०१८ साली सुरू झालेल्या रेशीम कोषांच्या बाजारात माल घेऊन येणारा शेतकरी असो, घर आणि धंदा एकाच फोनवर चालवणारी माणसे जिल्ह्यात सगळीकडे आहेत. त्यांचा फोन बहुतेक वेळा दहा हजारांच्या आतबाहेरचा असतो. ही रक्कम लहान नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या हिशेबाने साडेनऊ हजारांचा फोन म्हणजे एक क्विंटल १७ किलो कापूस. एवढा कापूस वेचायला, वाहायला किती हात लागतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी फोन घेताना दुकानदाराच्या एका वाक्यावर विसंबू नये.

म्हणूनच या लेखात याच किमतीतले दोन फोन शेजारी ठेवले आहेत. पहिला रेडमी ए४ ५जी. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात आला. तेव्हा त्याच्या ६४ जीबीच्या फोनची किंमत ८,४९९ आणि १२८ जीबीची ९,४९९ रुपये होती. दुसरा सॅमसंग गॅलेक्सी एम०६ ५जी, फेब्रुवारी २०२५ मधला. बँकेची सवलत धरून त्याच्या ४ जीबी रॅम व १२८ जीबीच्या फोनची किंमत ९,४९९ आणि ६ जीबी रॅमच्या फोनची १०,९९९ रुपये ठेवली होती. हे भाव फोन बाजारात आले त्या वेळचे आहेत, आजचा भाव दोन ठिकाणी विचारूनच घ्यावा. उद्या या दोघांऐवजी दुसरे दोन फोन समोर आले, तरी तुलनेची रीत हीच राहील.

आधी आपला दिवस लिहावा

दुकानात जाण्याआधी वहीच्या एका पानावर कालचा दिवस लिहून काढावा. फोन सकाळी किती वाजता चार्जिंगवरून काढला, किती वाजता मान टाकली, दिवसभरात साधारण किती फोटो काढले, किती वेळा पैसे घेतले, कुठे रेंज गेली, फोन कुठे अडखळला. या सहा गोष्टींच्या उत्तरांतच निम्मी निवड होते. ज्याच्या वहीत ‘रोज ४० फोटो’ आहे, त्याची गरज साठवणीची. ज्याच्या वहीत ‘दुपारी तीनलाच बॅटरी संपली’ आहे, त्याने आधी चार्जरकडे बघावे. आणि ज्याच्या वहीत ‘गावात शिरलो की फोन लागत नाही’ आहे, त्याने फोनचा विचार थांबवून आधी सिमकार्डाचा विचार करावा.

सिम कोणते?

या दोन फोनांतला सगळ्यात मोठा फरक डब्यावर ठळक दिसत नाही, म्हणून तो आधी. ५जी दोन पद्धतींनी चालते. एका पद्धतीत ते ४जीच्या यंत्रणेचा आधार घेते, तिला नॉन-स्टँडअलोन म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत ५जीची यंत्रणा पूर्ण स्वतंत्र असते, ती स्टँडअलोन. २०२२ च्या ऑक्टोबरात देशात ५जी सुरू झाले तेव्हा एअरटेलने पहिली पद्धत निवडली, जिओने दुसरी.

रेडमी ए४ फक्त स्टँडअलोन ५जीवर चालतो. म्हणजे जिओचे सिम घातले तर ५जी मिळेल. एअरटेलचे घातले तर जिथे पहिल्याच पद्धतीचे ५जी आहे तिथे फोन ४जीवरच राहील. सॅमसंग एम०६ दोन्ही पद्धतींवर चालतो. ज्याचा धंद्याचा नंबर दहा वर्षांपासून एअरटेलचा आहे, शेकडो गिऱ्हाइकांकडे तोच लिहून ठेवलेला आहे, त्याच्यासाठी हा एकच मुद्दा निकाल लावायला पुरेसा आहे.

मात्र हे सगळे ५जी पोहोचले असेल तिथले. जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि प्रत्येकाची रेंज वेगळी. भोकरदन-जाफराबादकडचा डोंगराळ भाग, घनसावंगी-अंबडकडची गोदाकाठची गावे, जालना शहर, या सगळ्यांना एक माप लागत नाही. गावात ४जीच असेल तर दोन्ही फोन तिथे ४जीवरच चालणार आणि ५जीचा फरक तिथे उरत नाही. शेजाऱ्याच्या फोनवर, आपल्या दुकानात आणि आपल्या शेतात, कोणत्या कंपनीची रेंज किती काड्या येते ते दोन दिवस बघितले तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळते. बीएसएनएलचे सिम वापरणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा. सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालेल्या बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला जातो, त्याला बँड २८ म्हणतात. हा पट्टा लांबवर आणि भिंतीआड पोहोचतो. फोनच्या माहितीत ‘बँड २८’ आहे का, हे दुकानदाराला कंपनीच्या संकेतस्थळावर उघडून दाखवायला सांगावे.

साठवण: ६४ की १२८?

रेडमीचा ६४ जीबीचा फोन सुरुवातीच्या भावात एक हजाराने स्वस्त होता आणि मोह तिथेच होतो. थोडी बेरीज करू. कागदाचा किंवा मालाचा एक फोटो साधारण ३ एमबीचा धरला, रोजचे ४० फोटो धरले, तर दिवसाला १२० एमबी. वर्षात धंद्याचे ३०० दिवस धरले तर ३६ जीबी. यात व्हॉट्सॲपवर आपोआप उतरणारे व्हिडिओ, सकाळच्या शुभेच्छा, लग्नाचे चित्रीकरण धरलेलेच नाही. ६४ जीबीतला बराच भाग अँड्रॉइड आणि आधीपासूनची ॲप खाऊन टाकतात. म्हणजे धंद्यासाठी घेतलेला ६४ जीबीचा फोन वर्षभरात ‘जागा शिल्लक नाही’ म्हणू लागतो. तो पहिल्यांदा अडतो तो नेमका पैसे घेताना, कारण यूपीआयच्या ॲपलाही अपडेट व्हायला जागा लागते.

घरात फक्त बोलायला, भजने ऐकायला आणि नातवंडांचे चेहरे बघायला फोन हवा असेल, तर ६४ जीबी चालते. धंदा असेल तर १२८ च्या खाली येऊ नये. मेमरी कार्ड दोन्ही फोनांत घालता येते. पण दोन सिम आणि कार्ड ही तिन्ही एकदम बसतात का, की दुसऱ्या सिमच्या जागीच कार्ड घालावे लागते, हे ट्रे बाहेर काढून डोळ्यांनी बघावे.

रॅमचे दोन आकडे

डब्यावर ‘८ जीबीपर्यंत रॅम’ किंवा त्याहून मोठा आकडा दिसतो. त्यातली खरी रॅम किती ते वेगळे विचारावे. रॅम म्हणजे काम करायचा ओटा, साठवण म्हणजे फडताळ. कंपन्या फडताळाचा थोडा भाग ओटा म्हणून वापरायची सोय देतात आणि दोन्हींची बेरीज डब्यावर छापतात. फडताळावर स्वयंपाक करता येतो, पण तो हळू होतो. दोन्ही फोनांच्या खालच्या किमतीत खरी रॅम ४ जीबी आहे. व्हॉट्सॲप, यूपीआय, बिलाचे ॲप आणि फोनवर बोलणे एवढे एकदम चालवायचे असेल तर सॅमसंगचा ६ जीबीचा फोन जास्त मोकळा चालतो, त्यासाठी सुरुवातीच्या भावात दीड हजार जास्त होते. फोन समोर असताना ही चारही ॲप एकामागोमाग उघडून बघावीत, मग पहिल्यावर परत यावे. ते जिथे सोडले होते तिथेच दिसले तर ठीक. पहिल्यापासून उघडले, तर ओटा अपुरा आहे.

बॅटरी आणि डब्यातला चार्जर

रेडमीची बॅटरी ५,१६० एमएएचची, सॅमसंगची ५,०००ची. हा फरक रोजच्या वापरात जाणवण्याइतका नाही. जाणवतो तो चार्जरचा. रेडमीच्या डब्यात ३३ वॅटचा चार्जर मिळतो. फोन स्वतः १८ वॅटपर्यंतच घेतो, पण चार्जर वेगळा विकत घ्यावा लागत नाही. सॅमसंग २५ वॅटपर्यंत घेतो, म्हणजे लवकर भरतो, पण डब्यात चार्जर नाही. घरात त्या ताकदीचा चांगला चार्जर नसेल तर त्याची किंमत फोनच्या किमतीत धरावी, नाहीतर तुलना खोटी ठरते.

वीज दिवसातून दोन-तीनदा जाते अशा गावात लवकर भरणाऱ्या फोनचे मोल वाढते. अर्धा तास वीज आली तेवढ्यात जितकी भरेल तितकी कामाची. उन्हाचेही लक्षात ठेवावे. कंपन्या साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरायला सांगतात आणि जालन्याचा मे महिना ४० च्या वर जातो. मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून, वर चार्जिंग सुरू ठेवून अंबड ते जालना आले तर कोणत्याही कंपनीची बॅटरी लवकर म्हातारी होते.

अपडेट किती वर्षे?

हा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही, पण धंद्याच्या फोनसाठी तो फार महत्त्वाचा आहे. फोनच्या कुलपातली भोके बुजवण्याचे काम सुरक्षा अपडेट करतात. ती बंद झाली तरी फोन चालतो, पण ज्या फोनवर बँकेचे खाते आहे तो तसा उघडा ठेवणे धोक्याचे. रेडमी ए४ ला अँड्रॉइडच्या दोन नव्या आवृत्त्या आणि चार वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे कंपनीने सांगितले आहे. सॅमसंग एम०६ ला चार आवृत्त्या आणि चार वर्षे सुरक्षा अपडेट.

ही वर्षे आपण फोन घेतला तेव्हापासून मोजायची नाहीत. फोन बाजारात आला तेव्हापासून मोजायची. म्हणजे रेडमीची मुदत २०२८ च्या अखेरीस, सॅमसंगची २०२९ च्या सुरुवातीला संपेल. जुना साठा म्हणून कुणी खूप स्वस्तात देत असेल तर उरलेली वर्षे बोटांवर मोजावीत आणि किंमत त्या वर्षांनी भागावी.

हातात घेऊन बघायच्या गोष्टी

रेडमीचा पडदा ६.८८ इंचांचा, वजन २१२ ग्रॅम. सॅमसंगचा ६.७ इंचांचा, १९१ ग्रॅम. दोन्हींचा पडदा एचडी-प्लस आहे, म्हणजे बारकाव्यात दोघे सारखेच. वयस्कर माणसाला मोठ्या अक्षरांसाठी रेडमीचा पडदा आवडतो. दिवसभर शर्टाच्या खिशात फोन ठेवून वाकून माल उचलणाऱ्याला २१ ग्रॅमचा फरक संध्याकाळी कळतो.

दुकानातल्या दिव्याखाली सगळे पडदे झकास दिसतात. फोन हातात घेऊन दाराबाहेर उन्हात यावे आणि सातबाराचा फोटो उघडून गट नंबर वाचता येतो का ते बघावे.

कॅमेरा दोन्हींचा ५० मेगापिक्सेलचा. हा आकडा बघून हुरळू नये, कारण असे कॅमेरे नेहमीच्या वापरात चार बिंदूंचा एक करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. खरी कसोटी वेगळी आहे. काट्याची पावती अंधूक उजेडात टेबलावर ठेवून तिचा फोटो काढावा, मग मोठा करून वजनाचे आकडे वाचावेत. ३ आणि ८ यांतला फरक कळला पाहिजे. शेतकऱ्याला याच कॅमेऱ्याने ई-पीक पाहणी करायची असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या नोंदीत शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो आणि ठिकाण फोनच सांगतो. म्हणून दुकानाबाहेर नकाशा उघडून निळा ठिपका आपल्या जागेवर किती वेळात येऊन थांबतो तेही बघावे. पुढचा कॅमेरा सॅमसंगचा ८ आणि रेडमीचा ५ मेगापिक्सेलचा आहे. व्हिडिओ कॉलवर माल दाखवून सौदा करणाऱ्यांना पुढच्यापेक्षा मागचाच कॅमेरा जास्त लागतो.

बोटाच्या ठशाचे बटण दोन्हींत बाजूला आहे. लोखंड हाताळणाऱ्याचे, कापूस वेचणाऱ्या बाईचे, मोसंबी निवडणाऱ्याचे बोट झिजलेले असते आणि फोन ते ओळखायला कुरकुरतो. अशा वेळी एकाच अंगठ्याचा ठसा दोनदा नोंदवावा, एकदा कोरडा आणि एकदा हात धुतल्यावर. हा साधा उपाय पुष्कळदा लागू पडतो. कारखान्याच्या गोंगाटात बोलावे लागणाऱ्यांसाठी सॅमसंगमध्ये बोलताना आजूबाजूचा आवाज दाबणारी ‘व्हॉइस फोकस’ ही सोय आहे. ती कितपत कामाची ते रस्त्यावर उभे राहून एक कॉल करून ठरवावे.

घर आणि धंदा वेगळे कसे ठेवावेत

फोन एक असला तरी नंबर दोन असावेत. एक घरचा, एक धंद्याचा. साधे व्हॉट्सॲप घरच्या नंबरावर आणि व्हॉट्सॲप बिझनेस धंद्याच्या नंबरावर, अशी दोन्ही ॲप एका फोनवर सुखाने नांदतात. बिझनेस ॲपमध्ये मालाची यादी फोटोंसह ठेवता येते, ‘आज भाव काय’ याचे उत्तर एकदाच लिहून ठेवता येते आणि उधारीच्या गिऱ्हाइकांना वेगळी खूण लावता येते.

यूपीआयचे खाते सिमला बांधलेले असते. नोंदणीच्या वेळी ॲप त्याच सिमवरून संदेश पाठवते, म्हणून बँकेत दिलेल्या नंबराचे सिम त्याच फोनमध्ये हवे. धंद्याचे पैसे धंद्याच्या खात्यात येऊ द्यावेत. वर्षअखेरीला हिशेब करताना भावाने पाठवलेले भाऊबीजेचे पैसे आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच यादीत शोधत बसावे लागत नाही.

संध्याकाळी फोन मुलांच्या हाती जाणार हे गृहीत धरावे. यूपीआय, बँक आणि बिझनेस व्हॉट्सॲप या तिघांना वेगळे कुलूप लावावे आणि त्याचा आकडा वाढदिवसाचा ठेवू नये.

मग कोणता घ्यावा?

जिओचे सिम, घरात चार्जर नाही, मोठा पडदा हवा आणि हिशेब काटेकोर, अशा घरासाठी रेडमी ए४ चा १२८ जीबीचा फोन सोयीचा. आईवडिलांसाठी, शिकणाऱ्या मुलासाठी, लहान शेतकऱ्यासाठी तो पुरतो. एअरटेलचे सिम, दिवसभर चालणारा धंदा, काही वर्षे तोच फोन वापरायचा विचार, अशा ठिकाणी सॅमसंग एम०६ उजवा ठरतो, आणि जमत असेल तर ६ जीबी रॅमचा. दोन्ही बाजूंच्या गरजा सारख्याच असतील तर दुरुस्तीने निकाल लावावा. कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड, उदाहरणार्थ जालन्याचा ४३१२०३, टाकला की अधिकृत सेवा केंद्र कुठे आहे ते दिसते. पडदा फुटल्यावर तासाभरात काम होते की साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला दोन खेपा माराव्या लागतात, यात एका दिवसाच्या मजुरीचा फरक पडतो.

बिल, हप्ता आणि पहिला आठवडा

मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. ९,४९९ रुपयांतले १,४४९ रुपये कराचे असतात. ज्याची जीएसटी नोंदणी आहे त्याने दुकानाच्या नावाने आणि आपल्या जीएसटी क्रमांकासह बिल घेतले, तर धंद्याच्या वापरापुरत्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ती मिळत नाही. आपल्या कर सल्लागाराला बिल दाखवून विचारावे. नोंदणी नसली तरी पक्के बिल घ्यावेच, त्याशिवाय वॉरंटीला आधार नाही.

हप्त्याने घेताना ‘झिरो कॉस्ट’ या शब्दावर थांबावे. रोखीने मिळणारी सवलत हप्त्यात मिळते का, फाइलचा खर्च किती, विमा न विचारता जोडला आहे का, हे तिन्ही आकडे कागदावर मांडून मग सही करावी.

डबा उघडताच *#०६# दाबावे. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो बिलाशी आणि डब्याशी ताडून घरातल्या वहीत लिहून ठेवावा. जुना वापरलेला फोन घेत असाल तर इंग्रजीत KYM, मग एक जागा सोडून त्या फोनचा आयएमईआय क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. फोन काळ्या यादीत आहे का ते कळते. फोन हरवला तर केंद्र सरकारच्या संचार साथी या सेवेवरून तो बंद करता येतो, त्यालाही हाच क्रमांक लागतो. पैसे फसवून गेले तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावावा.

नवा फोन आला म्हणून जुना त्याच दिवशी विकू नये. आठवडाभर दोन्ही जवळ ठेवावेत. आधी व्हॉट्सॲपच्या संभाषणाची प्रत ठेवून ते नव्यावर आणावे, मग सिम हलवून यूपीआयची नोंदणी करावी आणि दहा रुपये घरातल्याच कुणाला पाठवून खात्री करावी. बँकेचे ॲप, बिलाचे ॲप, कापूस महामंडळाचे कपास किसान ॲप वापरत असाल तर तेही, सगळे एकेक करून उघडून बघावे. आठ दिवस काही अडले नाही, की जुन्या फोनमधून सगळी खाती काढावीत, सेटिंगमध्ये जाऊन तो कोरा करावा आणि मगच कुणाच्या हाती द्यावा.